खालचा सूर

अण्णा, उस्मानाबादच्या त्या जुन्या दगडी चर्चमध्ये तुम्ही पहिल्या बाकावर बसलात ते माझे ओठ बघायला. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

संशय सुरू झाला तुळजापूरच्या आपल्या स्वयंपाकघरात. मिशनच्या ट्रेनिंग शाळेतून मी सुट्टीला आले होते आणि भाकरी थापता थापता गुणगुणत होते. शाळेच्या गायनात माझ्याकडे खालचा सूर होता. तिथे चार तऱ्हेचे आवाज एकाच वेळी चार चालींत गातात, तेव्हा गाणं पुरं होतं. त्यातली माझी चाल एकटी म्हटली की एकाच जागी घुटमळत राहते. तुम्ही तहसिलीतून आलात आणि पायही न धुता दारात थांबलात. "ही कसली चाल? ना आरती, ना भजन." मी म्हटलं, ही चाल पाव हिश्शाचीच आहे, बाकीची तिकडं इतर जण म्हणतात. "म्हणजे बाकीची लपवून ठेवलीय," तुम्ही म्हणालात. निजामाच्या अमदानीपासून लोकांचे अर्ज वाचलेली तुमची नजर. विलीनीकरणानंतर कागद उर्दूतून मराठीत आले, नजर तीच राहिली. "चौघं एकदम कधी बोलतात? एकाचं बोलणं दुसऱ्याला कळू द्यायचं नसतं तवा." आई म्हणाली, "एकच वर्ष राहिलंय तिचं. मास्तरीण होऊ द्या की." "मास्तरीण होती का त्यांची होती, ते बघतो आधी."

मग तुमची अट आली. सूर द्यायचा, शब्द म्हणायचा नाही. त्यांच्या देवाचं नाव तोंडातून निघालं तर त्याच दिवशी वळकटी बांधून घरी. तुमच्या पायाला हात लावून मी हो म्हटलं.

नाताळच्या आधीच्या रविवारी तुम्ही सकाळच्या एसटीनं आलात. सवयीनं पायरीशी चपला काढल्यात, आत पाहिलंत तर सगळे बूट घालून बसलेले. तुम्ही स्वतःवरच चिडलात. इथं देव आहे हे तुमच्या पायांनीच कबूल करून टाकलं होतं, आणि आता चपला परत घालायचंही धाडस होईना. आमच्या गाण्याच्या बाई दारात होत्या. "या, पुढं बसा."

"चपलांकडं कोण बघणार?"

"देवाच्या दारातून चपला जात न्हाईत हो."

"आमच्या देवीच्या दारातून रोज जातात."

बाई खळखळून हसल्या. तुम्ही हसला नाहीत.

पायपेटी सुरू होते. पुरुषांचा आवाज फरशीखालून आल्यासारखा उठतो, मुलींचा वर छताला जाऊन लागतो, आणि त्या जाड भिंती सगळं एकत्र करून परत देतात. तुम्ही माझ्या तोंडावरून नजर काढत नाही. मी ओठ मिटून नुसता सूर देते आहे. मग ती जागा येते जिथं बाकीचे सगळे थांबतात आणि एका ओळीपुरता खालचा सूर एकटा उरतो. तीच स्वयंपाकघरातली चाल. तुम्ही ती ओळखता, तुमची मान किंचित हलते. आणि त्याच क्षणी तुम्ही खाली बघता, आपल्या उघड्या पायांकडे, ओळ संपेपर्यंत.

परतीच्या गाडीपर्यंत मी सोडायला आले. "नुसता सूरच दिलास ना?" मी म्हटलं, व्हय. घरी गेल्यावर तुम्ही आईला सांगितलंत, "मी समोर बसून बघितलं. शब्द म्हणत नव्हती." माझं वर्ष पुरं झालं. पुढं आयुष्यभर मास्तरकी केली.

संशय मी तुमच्याकडूनच घेतला, म्हणून विचारते. ज्याला माझे ओठ बघायचे होते त्याची नजर नेमकी त्या ओळीलाच खाली कशी गेली? आणि कान तर काही पायांकडे बघत नव्हते.

त्या ओळीत त्यांच्या देवाचं नाव होतं, अण्णा. मी ते म्हटलं, स्पष्ट म्हटलं. श्रद्धा म्हणून नव्हे. ते गाळलं असतं तर माझी चाल पुन्हा अपुरी राहिली असती. पण म्हणताना फार बरं वाटलं होतं, एवढं मात्र मी आईलाही कधी सांगितलं नाही.