पालोमा खेचराची पाच रिळं

हे लिहिते लिहिते म्हणत ईस्टरपासून टाळत आले. आधी पेन सापडेना, मग मका खुडायला माणसं कमी पडली, मग पलीकडच्या गावात लग्नाचा बॅण्ड ऐकायला म्हणून गेले ती तिथेच रमले. पण उद्या सकाळच्या ट्रकनं मी उत्तरेला, सरहद्दीपलीकडे काम शोधायला निघतेय. वाटेत वाळवंट आहे, आणि त्यातून सगळेच पार होतात असं नाही. तेव्हा आज पंचायतीच्या ओसरीत बसून लिहिणं आलं.

मी, हर्मेलिंदा क्रूस, वय बावीस, धंदा गावोगाव सिनेमा दाखवणे, कायमचा पत्ता नाही, कुणी भरीस न घालता आणि डोकं ठिकाणावर असताना माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करावं ते इथे सांगते. डोक्याबद्दल तिबुर्सियामावशींचं मत निराळं आहे. "ठिकाणावर असतं तर वाळवंटात मरायला निघाली असतीस का गं?" असं त्या आत्ताच म्हणाल्या. तरी साक्षीदार व्हायला तयार आहेत.

पहिलं. जनरेटर कार्मेलो गिरणीवाल्याला द्यावा. चालू करण्यापूर्वी डाव्या अंगाला एक लाथ घालावी लागते. का, ते मला ठाऊक नाही. एकदा उघडून बघितलं तर आत चिमणीचं घरटं निघालं, आणि त्यात शर्टाचं एक बटण. चिमणीला बटण कशाला लागतं, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. असो.

दुसरं. पडद्याच्या चादरी शाळेला. बूट माझ्या पायातच राहतील.

तिसरं. सान मातेओच्या बॅण्डमधल्या तुतारीवाल्याला काहीही देऊ नये. कारण त्याला माहीत आहे.

चौथं. आता खरी गोष्ट, म्हणजे प्रोजेक्टर आणि पत्र्याच्या डब्यांतली पाच रिळं. मुलांच्या एका कादंबरीवरून काढलेला हा सिनेमा आमच्या आया लहान असताना देशभर गाजला होता. चेलो नावाची मुलगी आणि खाणीच्या अंधारात राबून आंधळं झालेलं तिचं खेचर पालोमा. चौथ्या रिळात दोघं जत्रेला जातात, चेलो त्याला हातानं गूळ भरवते. पाचव्यात खाण कोसळते, पालोमा चेलोला बाहेर काढतं आणि स्वतः मरतं. संपलं. लोक डोळे पुसत घरी जातात.

पण कासिमिरोमामा, म्हणजे ज्याच्याकडून हा धंदा माझ्याकडे आला तो, या गावात पहिल्यांदा आला नेमका मृतांच्या दिवशी. दिवसभर कबरीकबरीवर मेस्काल दारूचे पेले पुढे आले, त्यानं सगळ्यांचा मान राखला, आणि रात्री पाचवं रीळ चौथ्याच्या आधी लावलं. खेचर मेलं आणि लगेच जत्रेत गूळ खाताना दिसलं! मामा पळायच्या बेतात होता. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आलं."

येणारच की. त्या दिवशी घरोघरी मेलेल्यांसाठी पाव, मोलेचा रस्सा, झेंडू मांडून ठेवतात आणि ती माणसं येऊन जेवून जातात. मग खेचरानंच काय घोडं मारलंय?

पुढल्या वर्षी मामानं शहाणपणा केला आणि रिळं ओळीनं लावली. तेव्हा मीही सोबत होते. "मेलेलं तसंच टाकून निघालास होय रे, मेल्या?" म्हणत तिबुर्सियामावशी त्याच्या अंगावर धावल्या. दुसऱ्या दिवशी गावसभा बसली आणि ठराव झाला: मृतांच्या दिवशी आधी पाचवं, मग चौथं. तेव्हापासून तसंच चालतं, आणि बऱ्याच घरांत पावाशेजारी चाऱ्याची पेंढीही असते.

माझा मामेभाऊ एवारिस्तो राजधानीत असतो. तो म्हणतो, सिनेमाची धड अशी ही शेवटची प्रत आहे आणि एक संग्रहवाला घ्यायला टपलाय. परवा दुकानातल्या फोनवर आमचं वाजलं.

"सिनेमा काढणाऱ्यानं खेचर मारलंय ना? मग ते मेलं. तू कोण टिकोजीराव त्याला जिवंत करणारी?"

"मी नाही, सभेनं केलंय."

"सभेला सिनेमातलं काय कळतं?"

"खेचरातलं कळतं."

पंचायतीचे चिटणीस फुल्हेन्सिओकाका सांगतात, मी काही न लिहिता मेले तर सगळं एवारिस्तोकडे जाईल. म्हणजे रिळं कपाटात आणि पालोमा कायमचं खाणीत. म्हणून प्रोजेक्टर आणि पाचही रिळं मी गावसभेला देते. ती विकू नयेत, क्रम सभेचाच चालावा. एवारिस्तोनं मामाची टोपी घ्यावी आणि गप्प बसावं.

तरी त्याचा प्रश्न काही डोक्यातून जात नाही. सिनेमा काढणाऱ्याचा, की बघणाऱ्याचा? मला अजून उमगलेलं नाही. म्हणून एक मुभा ठेवते: ज्यांनी हा सिनेमा केला त्यांच्यापैकी कुणी इथे येऊन हरकत घेतली, तर त्यांच्या शब्दावर क्रम बदलावा. मावशी चिडल्यात. फुल्हेन्सिओकाका म्हणाले, "लिहू दे गं तिला. या डोंगरात कोण येतंय तडफडायला!"

वरचं सगळं वाचून पाहिलं, मला मान्य आहे.

हर्मेलिंदा क्रूस
मुक्काम सांता रीता दे लास पेन्यास, मृतांचा दिवस, २ नोव्हेंबर १९८६

साक्षीदार: तिबुर्सिया हिरोन
साक्षीदार: फुल्हेन्सिओ माता, चिटणीस

सह्यांखाली लिहू नये म्हणतात, पण लिहावं लागतंय. दुपारच्या ट्रकमधून एक बाई उतरल्या आहेत. केस पांढरे, हातात छोटी पेटी. म्हणाल्या, "सिनेमातली चेलो मीच." चिटणीसकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मी कागदाकडे. मावशी कमरेवर हात ठेवून पुढे झाल्या. "हरकत घ्यायला आलात का?"

"छे हो," त्या म्हणाल्या. "हा सिनेमा मी अजून पुरता पाहिलेलाच नाही. पालोमा मरायची वेळ आली की आई मला थिएटरबाहेर न्यायची. पुढे मी आपली आपणच उठून जायला लागले. राजधानीत एवारिस्तो म्हणून कुणीतरी थट्टेनं तुमच्या गावाची गोष्ट सांगत होता. म्हटलं, एवढं एकच ठिकाण आहे जिथे मला शेवटपर्यंत बसता येईल."