तुझी पुस्तकं वाचून काढली

नाशिक, रविवार

प्रिय करिष्मा,

मी इथं बरा आहे, डबा वेळेवर येते. सुलतानपूरले सगळे बरे असतील. फोनवर तू "जेवले का?" विचारते, मी "हो" म्हणतो, अन् पुढं दोघंही गप्प. म्हणून पत्र लिहून राह्यलो.

तू ठेवून गेलेली पुस्तकं वाचून काढली. रहस्यकथेतला खुनी मले पहिल्याच पानावर कळला. हिमालयवाला लेखक चालते कमी अन् चहाच जास्त पिते. पाककृतीवाली बाई वांग्याच्या भाजीत साखर टाकाले सांगते. तुझ्या आईले सांगू नको, रागावतील. कथासंग्रहातलं आजारी लेकरू शेवटी बरं होते. ते वाचून मले राग नाही आला, रडूही नाही आलं. काहीच नाही आलं.

टाके दुखतात का अजून? नीट जेवत जा.

सगळ्यात खाली बाळाच्या नावांचं पुस्तक होतं. तू तीन नावांवर पेन्सिलीनं खूण केली होती. आपली लेक दोनच दिवस जगली, बारसं राहूनच गेलं. दवाखान्याच्या कागदावरही नुसतं "करिष्माचं बाळ" लिहिलं आहे.

मले त्या तिनातलं रेवती आवडलं. तुले पटलं तर आजपासून तिले रेवतीच म्हणू.

तुझाच,
गोकुळ