कुंकवाची पुडी

सातारा, १८ ऑगस्ट २०२४

ती. आबांस,
क्रांतीचा सा. न. वि. वि.

खोली मिळाली. घरमालकीण रंगूबाई म्हणून आहेत. त्या भाड्यापेक्षा माझ्या जेवणाची चौकशी जास्त करतात.

फोन सोडून पत्र का, असं आई विचारेल. फोनवर ती मध्ये उभी राहून माझं बोलणं तुम्हाला ओरडून सांगते, त्यात निम्मं तिचंच असतं. परवा मी डबा बरा आहे म्हणाले, आणि तुम्हाला कळलं ते मी वाळले असं. वर्कशॉपमधल्या पत्रा कापायच्या प्रेसच्या आवाजानं तुमचे कान गेले. निदान माझं म्हणणं तरी जसंच्या तसं पोचावं.

कंपनीच्या गेटवर ती निळी पाटी अजून आहे. तुम्ही इथं वॉशरचा माल पोचवायला यायचात आणि मी टेम्पोत बसून ती वाचायचे. वॉचमन मला आत सोडायचा नाही. तुम्ही परत आलात की मी विचारायचे, आत काय असतं. तुम्ही सांगायचात, आत शांतता असते. कारखान्यात शांतता कशी असेल, असं मला वाटायचं. सोमवारी आत गेले. शांतता आहे.

मला मोजणीच्या खोलीत नेमलं आहे. काळ्या दगडाचं एक मोठं टेबल आहे. त्यावर यंत्राचा हात हवेच्या पातळ थरावर तरंगत सरकतो. हाताच्या टोकाला माणकाची बारीक गोळी. ती पार्टला नुसती टेकते आणि माप सांगते. खोलीत चपला चालत नाहीत, डबा चालत नाही. आमचे साहेब ऋषिराज म्हणून आहेत. हळू बोलतात. तुम्हाला त्यांचं एक अक्षर ऐकू आलं नसतं.

सहा महिने उमेदवारी, मग कायम. एवढंच मला हवं होतं, आणि ते आता हाताच्या अंतरावर आहे.

आईला सांगा, मी वाळलेली नाही.

तुमची,
क्रांती


कुपवाड, २९ सप्टेंबर २०२४

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. बिरदेवनं विचारलं की दगडाच्या टेबलावर हात तरंगतो म्हणजे खालून लोहचुंबक हाय काय. हवा आहे म्हणालो, तर हसायला लागला. बारका असल्यापासून प्रेसवर आहे, पण माझ्यावर विश्वास ठेवत नाही.

इकडे सर्व ठीक. कुंडलच्या रानात ऊस उभा आहे, तुझा चुलता बघतो. पाऊस बरा झाला.

नवरात्र बसेल आता. खंडेनवमीला तुझ्या यंत्राला विसरू नकोस. तू पाचवीत होतीस तेव्हापासून आपल्या एक नंबरच्या प्रेसला कुंकू तूच लावत आलीस. यंदा ते मी लावीन. पण ज्या यंत्रानं आता तुला भाकरी द्यायची, त्याला तुझाच हात लागला पाहिजे. कंपनी मोठी असली म्हणून काय, लोखंड ते लोखंडच. तुझ्या आईनं कुंकवाची पुडी दिली आहे, सोबत पाठवतो.

उमेदवारीत कुणाला उलटून बोलू नकोस. वेळेवर जेव.

तुझ्या आबांचा डोक्यावर हात आहेच.

नानासो


सातारा, १७ ऑक्टोबर २०२४

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं होतं तसं मी केलं. खाली मोठ्या शेडमध्ये कंपनीची पूजा झाली, पेढे वाटले. मोजणीची खोली त्यात धरत नाहीत. शिफ्ट संपल्यावर मी एकटी आत गेले. दगडी टेबलाच्या कोपऱ्यावर कुंकू लावलं, यंत्राच्या हाताला बोट टेकलं, अक्षता वाहिल्या, एक झेंडू ठेवला.

सुट्टीनंतर यंत्र सुरू केलं तेव्हा हात अडकत अडकत सरकला. ज्या फटीतून हवा येते तिथं कुंकू गेलं होतं. पुण्याहून माणूस येईपर्यंत खोली बंद. माल मोजल्याशिवाय बाहेर जात नाही, म्हणून गाड्या गेटवर उभ्या.

साहेबांना कॅमेरा बघायचीही गरज पडली नाही. झेंडू तिथंच होता. ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं की हे का केलं. मी सांगितलं, वडिलांनी सांगितलं होतं. ते म्हणाले, इथं तुझे वडील कामाला नाहीत.

कायम होण्याचं आता काही खरं नाही. पुढच्या महिन्यात ठरवतील.

पुड्या पाठवू नका.

क्रांती


कुपवाड, २१ ऑक्टोबर २०२४

चि. क्रांतीस,
आशीर्वाद.

साहेब बोलले ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बरोबर बोलले. म्हणून मग मीच त्यांना पत्र लिहिलं. वर्कशॉपच्या लेटरहेडवर, खाली शिक्का मारून. कुंकू लावायला मी सांगितलं, दोष माझा आहे, पोरगी लहान आहे, तिला कायम करावं, यंत्राच्या दुरुस्तीचं काय असेल ते मी बघतो, असं सगळं लिहिलं. रजिस्टरनं पाठवलं आहे. त्यांच्या गेटवर मी इतकी वर्षं माल घालत होतो, नाव ओळखतील.

आता तू काळजी सोड. दिवाळीला ये, फराळाचं सुरू आहे.

नानासो


सातारा, २६ ऑक्टोबर २०२४

ती. आबांस,
सा. न.

तुमचं पत्र साहेबांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.  मी ते वाचलं, घडी घालून परत दिलं. शेजारच्या टेबलावरची सृष्टी त्या वेळी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती. ती माझ्याबरोबरच लागली आहे. तिच्या वडिलांनी कुणाला पत्र लिहिलेलं नाही.

आबा, ते यंत्र हवेवर चालतं हे तुम्हाला फक्त माझ्या पत्रातून माहीत होतं. मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. धूळ, तेल, केस, काही चालत नाही, हे वाचून मी सही केलेली आहे. तरी लावलं. विचारलं तेव्हा तुमचं नाव पुढं केलं, आणि तुम्ही लगेच येऊन माझ्यापुढं उभे राहिलात. शाळेत असंच व्हायचं तेव्हा मला बरं वाटायचं.

मी काल साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सांगितलं की चूक माझी आहे, वडिलांचं पत्र धरू नका. ते म्हणाले, त्यांनी तर स्वतःवर घेतली आहे, मी कुणाचं खरं मानू? उमेदवारी पुढच्या ऑगस्टपर्यंत वाढवली. तेवढ्या काळात बघू म्हणाले.

मला माझी चूक परत हवी आहे. तुमच्याकडे ती राहिली तर इथं माझं काहीच राहत नाही.

दिवाळीला येत नाही. आईला समजावून सांगा. ओरडून नको.

क्रांती


कुपवाड, २४ नोव्हेंबर २०२४

चि. क्रांतीस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर लिहिलं होतं. ते फाडलं. दुसरं ऋषिराज साहेबांना लिहिलं, आधीचं पत्र मागे घेतो म्हणून. पाकीट चिकटवत होतो तर तुझ्या आईनं विचारलं की आता ह्यात काय. सांगितलं. ती म्हणाली, पोरीनं जे मागितलंय ते तिसऱ्याच्या हातात देता व्हय? मग ते टाकलं नाही.

तेव्हा तुझ्याच हातात देतो. चूक तुझी आहे. मी हात काढला.

हे लिहायला महिना लागला. दिवाळी बरी झाली नाही, तेही खरं आहे.

गेल्या आठवड्यात बिरदेव प्रेसला नवीन डाय बसवत होता. उलटी बसवत होता, मला लांबून दिसलं. एरवी मी त्याला बाजूला ढकलून स्वतः बसवतो. या खेपेला खिशात हात घालून उभा राहिलो. त्याला कळायला बराच वेळ लागला. मग त्याचं त्यानंच काढून सरळ बसवली, आणि मला म्हणाला की मालक, तब्येत बरी न्हाई काय.

एक विचारतो. हवा संपली तर तो हात दगडावर आपटतो, की हळू टेकतो? सवड झाली की लिही.

नानासो


सातारा, १० ऑगस्ट २०२५

ती. आबांस,
क्रांतीचा सा. न. वि. वि.

कायम झाले. काल पत्र हातात आलं. आईला फोन केला, पण तिनं तुम्हाला काय सांगितलं असेल देव जाणे, म्हणून हे.

संक्रांतीला आणि मे महिन्यात येऊन गेले तेव्हा आपण पावसाचं आणि उसाचं बोललो. बाकीचं दोघांनीही काढलं नाही. आज काढते.

कायम करण्याआधी साहेबांनी विचारलं की वर्षभरात काय शिकलीस. मी यंत्राचं सांगायला लागले. ते म्हणाले, यंत्र सगळेच शिकतात.  खरं उत्तर खोलीवर आल्यावर सुचलं, ते तुम्हाला लिहिते.

मशीनवरून आलेला पार्ट आम्ही लगेच मोजत नाही. तो गरम असतो, फुगलेला असतो, चुकीचं माप देतो. खोलीत ठेवून द्यायचा. खोलीइतका थंड झाला की मग हात लावायचा. पहिले काही महिने मला ते जमायचं नाही. खालून माणूस येऊन घाई करायचा आणि मी मोजून मोकळी व्हायचे. आता तो दारात उभा राहतो आणि मी माझं दुसरं काम करते. मीटिंगमध्ये विचारलं तर मला माहीत नाही, असं म्हणते. पूर्वी असं म्हणायला भीती वाटायची. कारण माहीत नाही म्हटलं की तुम्ही येऊन सांगणार, ही सवय होती.

मार्चमध्ये माझ्याकडून एक माप चुकलं. माल अजून आत होता. कुणाला कळण्याआधी मी खाली जाऊन थांबवला आणि माझं चुकलं म्हणाले. साहेबांनी मान डोलावली. बाहेर येऊन मी पाणी प्यायले. आबा, मला आनंद झाला होता.

निळी पाटी आता वाचायची राहून जाते. सकाळी गडबडीत आत शिरते. लहानपणी जे हवं होतं त्याच्या आत राहायला लागलं की ते दिसत नाही, असं वाटतं. त्याचं थोडं वाईट वाटतं.

हवा गेली तर हात हळू टेकतो. उत्तर द्यायला उशीर झाला.

या दसऱ्याला मला आठवण करून देऊ नका. मी काय करायचं ते मी ठरवीन.

तुमच्या पत्राची वाट पाहते. चार ओळी असल्या तरी चालतील.

क्रांती


कुपवाड, २२ सप्टेंबर २०२५

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

आज घट बसले. सोबतच्या डब्यात लाडू आहेत. रंगूबाईंनाही दे.

तुझं पत्र वर्कशॉपमध्ये वाचून दाखवलं नाही. घरी दोनदा वाचलं. माल मोजण्याआधी थंड होऊ देतात, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या गेटवरून आमचा माल परत यायचा तेव्हा मी म्हणायचो, इथं मोजला तर बरोबर भरतो, तिथंच का भरत नाही. प्रेसवरून काढला की गरम गरम मोजायचो आम्ही. आता बिरदेवला सांगितलंय, थांबायचं. तो पुन्हा तब्येतीचं विचारतो आहे.

सांगितलंस तशी कसलीही आठवण करून देत नाही. तुझ्या आईनं डब्यात कुंकवाची पुडी घातली होती, ती मी काढून फडताळात ठेवली.

एक नंबरच्या प्रेसला नवमीला मी लावीन. ती तेलात बुडालेली असते, तिला चालतं.

जपून राहा. तू लिहीत राहा, मी वाचत राहीन.

नानासो


क्रांते,

आबा बाहीर गेल्यात, तवा पाकीट उघडून ह्ये खालतं लिवतीया. त्येनला सांगू नगं.

पुडी त्येनी काडली व्हती. मी परत घातली हाय, लाडवाच्या खाली बग. यंत्राला लावू नगं बाई, लय झालं त्ये. नवमीला आंघूळ झाली की तुज्या कपाळाला लाव. हितं हुतीस तवा तू प्रेसला लावलंस की उरल्यालं कुंकू आबा तुज्या कपाळाला पुसायचं, आठवतंय न्हवं? आता तुजं तूच लाव.

आन वाळू नगं.

आई