काळ्या पट्टीवरचं चौथं बोट

प्रिय ठमे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. मंगळवारी, लेकीचा सराव थांबव म्हटल्यावर तू फोन ठेवलास, तेव्हापासून अकरा वेळा लावला. माझं अक्षर दिसलं की पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता शेजारच्या वहिनींकडून लिहून घेतलाय. इथवर वाचलंस तर पुढचंही वाच, हात जोडते.

सोमवारी तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. त्याच्यावर चिडू नकोस, बिचारा जिन्यात उभा राहून हळू आवाजात बोलत होता. चिंगी शाळेतून आली की तीन तास पियानोला बसते, मग हाताला शेक घेते, आणि सकाळी तिला चमचा नीट धरता येत नाही म्हणाला. सप्तकांची ती उतरती ओळ काही केल्या बसत नाहीये आणि पुढच्या रविवारी स्पर्धा. त्याने तुला थांबवायला पाहिलं, तर तू म्हणालीस, "माझ्यासारखी भित्री नाही करायची मला तिला." मी त्याला तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं.

ती ओळ मला पाठ आहे. खाली अंगठा, वर करंगळी, दोन्ही एकदम दाबायची, आणि काळी पट्टी आली की करंगळीऐवजी तिच्या शेजारचं चौथं बोट. छापील प्रतीत बोटांचे तसेच आकडे आहेत. मोठ्या पंजाला ते सोयीचं जातं, ओळ सलग वाजते. तुझा पंजा लहान, थेट माझ्या आईसारखा. बाराव्या वर्षी तू मला न विचारता ते सगळे चारचे आकडे खोडलेस आणि पेन्सिलीने पाच लिहिलेस, म्हणजे सगळीकडे करंगळीच. ओळ जरा तुटक व्हायची, पण तुझा खांदा सैल असायचा, वाजवता वाजवता गुणगुणायचीस. मी खोडरबर घेतलं आणि तुझे पाच पुसून टाकले. पियानोच्या शिक्षिकेचीच मुलगी सोपी वाट काढते, असं परीक्षक म्हणतील याची मला धास्ती. कोपरापर्यंत आग होते म्हणालीस, तर म्हटलं, होईल सवय.

मग स्पर्धा. बरोबर त्या ओळीत तू थांबलीस, हात मांडीवर घेतलास आणि उठून पडद्यामागे निघून गेलीस. लोक म्हणाले, पोरगी घाबरली. त्या दिवसापासून तू पियानोचं झाकण उघडलं नाहीस. सत्तावीस वर्षं झाली, स्वतःला भित्री म्हणत आलीयस. नोकरीतली बढती नाकारलीस तेव्हाही मला म्हणालीस, ऐन वेळी मी कच खाते, तुला माहितीये ना. मी गप्प बसले.

ठमे, तू घाबरली नव्हतीस. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी आपण डॉक्टरांकडे गेलो होतो. तपासून झाल्यावर तुला बाहेर बाकावर बसवलं होतं, आठवतंय? बाहेर येऊन मी सांगितलं, काही नाही, जरा आखडलंय. ते खोटं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "दोन महिने पियानोला हात लावू देऊ नका. नाहीतर हे बोट एकदा मिटलं की उघडणार नाही." मी पहिल्या रांगेत होते. तुझं चौथं बोट मिटलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि लोक घाबरली म्हणाले तेव्हा मान डोलावली, कारण तेच मला सोयीचं होतं. माफी मागायला हे लिहीत नाही, तेवढं तोंड मला उरलेलं नाही. हे पत्र हातात असेल तशी ऊठ आणि चिंगीला पियानोवरून उठव. तिला डॉक्टरांकडे ने. आणि ते बोलत असतील तेव्हा पोरीला बाहेर बसवू नकोस.

तुझीच, तू म्हणू देशील तोवर,
आई