स्वयंसेविकांच्या यादीतून दिवंगत पत्नीचे नाव काढण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख धर्मगुरू,
धर्मग्राम कार्यालय,
चर्चच्या मागची खोली, झेरॉक्स मशीनच्या पलीकडचे टेबल.

विषय: अर्जदाराच्या दिवंगत पत्नीस स्वयंसेवेतून मुक्त करून मृतांसाठीच्या मिस्सेच्या (प्रार्थनाविधीच्या) यादीत घेणेबाबत.

संदर्भ:
१) मागच्या दाराजवळील फलकावरची "आगामी उपक्रम व स्वयंसेवक" यादी, तक्ता चौथा, ओळ सहावी.
२) समन्वयक बाईंचे नाराजीपत्र, पत्नी बैठकांना सतत गैरहजर राहत असल्याबद्दल.
३) आपण अर्जदारास पार्किंगमध्ये दिलेला तोंडी सल्ला: "लेखी द्या."

महोदय,

१. सदर अर्जदार हा निवृत्त चष्मेवाला असून गेली एक्केचाळीस वर्षे या धर्मग्रामाचा सभासद आहे. शेवटून तिसऱ्या बाकावर, खांबाला लागून, तो आणि त्याची पत्नी बसत असत. खांबामुळे वेदी अर्धीच दिसे. अर्जदाराने जागा बदलू या असे अनेकदा सुचवले, त्यावर पत्नीचे म्हणणे असे, की देवाला आपण दिसलो म्हणजे झालं. गेल्या वर्षी याच महिन्यात सोळा तारखेला ती वारली. तिचा दफनविधी आपण स्वतः केला होता, त्यामुळे या मुद्द्यावर पुरावा जोडलेला नाही.

२. हयातीत पत्नीने धर्मग्रामाच्या एकाही उपक्रमात भाग घेतला नाही, हे येथे नम्रपणे नमूद करणे भाग आहे. ती श्रद्धाळू होती, पण समित्यांपासून चार हात लांब राही. "देवानं सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी तो बसला. यांना कामाला नेमका सातवाच दिवस सापडतो," हे तिचे वाक्य होते. फुलांची समिती, खुर्च्यांची समिती, समित्यांच्या कामाचा आढावा घेणारी समिती, सगळ्यांना तिने हसतमुखाने वाटेला लावले. मिस्सा संपली की ती पदर सारखा करून सरळ घरी येई आणि पाय वर घेऊन पेपर वाची.

३. मागच्या दाराजवळ दोन फलक आहेत. डावीकडे मिस्सेचे हेतू, म्हणजे कोणाच्या नावाने मिस्सा व्हावी त्याची यादी, उजवीकडे आगामी उपक्रम. दोन्हींवर सारख्याच मापाचे, सारख्याच रेघांचे कागद लावलेले असतात आणि मधोमध दोऱ्याला बांधलेली एकच पेन्सिल लोंबत असते. पत्नी जाऊन महिना झाला त्या रविवारी अर्जदार तिच्यासाठी मिस्सा सांगायला फलकापाशी गेला. डोळ्यांत पाणी येत होते म्हणून त्याने चष्मा पुसला, पुन्हा पाणी आले, पुन्हा पुसला आणि शेवटी कंटाळून खिशात घातला. अडतीस वर्षे ज्याने गावाला जवळचे वाचायला चष्मे दिले, त्याने स्वतः चष्म्याशिवाय पत्नीचे नाव लिहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

४. कागदावर चार रकाने होते. "नाव" येथे अर्जदाराने पत्नीचे नाव लिहिले. "फोन" येथे घरचा नंबर. "किती वेळा" या रकान्याचा अर्थ किती मिस्सा असा घेऊन त्याने लिहिले, "शक्य तितक्या वेळा." "शेरा" येथे काय लिहायचे ते सुचेना, तेव्हा जे खरे होते ते लिहिले: "शांत स्वभावाची. कधी कुणाला उलट बोलली नाही." तो कागद चहा व बिस्किटे विभागाचा होता.

५. मंगळवारी समन्वयक बाईंचा फोन आला. बाई या माजी मुख्याध्यापिका आहेत हे आपणास ठाऊक आहेच, फोनवरही ते कळते. "तुमच्या मिसेसना रविवारी साडेआठला किचनमध्ये पाठवा," असे त्या म्हणाल्या. अर्जदाराने सांगितले, की तिला जाऊन महिना झाला, दफनाला तुम्ही आला होतात, पुढे उभ्या होतात. "हो हो, फार छान झाली मिस्सा," बाई म्हणाल्या. "पण आता नाव यादीत आलंय आणि यादी छापून झालीय. असं करा, या रविवारी तुम्ही या. पुढचं पुढं बघू." अर्जदाराने आपली चूक कबूल करून नाव शेजारच्या यादीत घ्यावे अशी विनंती केली. "त्याचं मी बघते," असे त्या म्हणाल्या. या गोष्टीला आता सत्तेचाळीस रविवार झाले.

६. स्वयंसेवकांसाठीचा नियम सातवा असा आहे, की ज्याची पाळी असेल त्याला येणे शक्य नसल्यास त्याने आपला बदली माणूस स्वतः द्यावा. पत्नीला येणे शक्य नव्हते. बदली माणूस म्हणून अर्जदार उभा राहिला आणि तो उभाच आहे. प्रारंभी फक्त चहा होता. मग "कधी उलट बोलली नाही" हा शेरा बाईंच्या नजरेस पडला आणि पत्नीस पार्किंग देण्यात आले, कारण तेथे लोक फार बोलतात. त्यापाठोपाठ जुन्या कपड्यांची गाठोडी, हॉलमधल्या दोनशे खुर्च्या, गायकवृंदाच्या वह्या आणि आजाऱ्यांच्या भेटी आल्या. या सर्व कामांत अर्जदाराच्या गळ्यात पत्नीच्या नावाचे ओळखपत्र असते. नवीन लोक त्याला त्याच नावाने हाक मारतात आणि अर्जदार वळून पाहतो.

७. या धर्मग्रामात सहाशे कुटुंबे आहेत. काम करणारी माणसे नऊ आहेत, पैकी एक वर्षभरापासून कबरीत आहे. काम न करणारे बाकी सर्वजण दर रविवारी चहाचा कप हातात घेऊन, स्वयंसेवक पुढे येत नाहीत याबद्दल मनापासून हळहळतात. बाई व्यासपीठावरून उपक्रम जाहीर करतात आणि उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशा हाताच्या इशाऱ्याने खुर्च्या लावून घेतात. अर्जदार कोणाचा उपमर्द करू इच्छित नाही, फक्त मोजणी सादर करीत आहे.

८. दरम्यान पत्नीची चहा विभागाच्या उपप्रमुखपदी बिनविरोध निवड झाली. अर्जदाराने विरोध केला असता, परंतु निवड चालू असताना तो आत निवड करणाऱ्यांसाठी चहा करीत होता. उपप्रमुख झाल्याने तिला बैठकांची बोलावणी येऊ लागली. बैठकीस बदली माणूस चालत नसल्याने ती तीन बैठकांना गैरहजर लागली आणि संदर्भ दोनमधील नाराजीपत्र घरी आले. "आपल्यासारख्या जबाबदार व्यक्तीकडून ही अपेक्षा नव्हती," असे त्यात आहे. पत्नीला आयुष्यात कोणी असे लिहिले नव्हते. अर्जदाराने ते पत्र दोनदा वाचले आणि एकटाच खूप हसला. मग हसू थांबल्यावर घरात फार शांतता झाली.

९. अर्जदाराची खरी तक्रार यापुढे आहे. किचन वेदीच्या भिंतीमागे आहे. तेथे प्रवचन ऐकू येत नाही, माईकची घरघर ऐकू येते. घंटा वाजली की बॉयलर चालू करायचा, दुसऱ्यांदा वाजली की बिस्किटे काढायची, एवढाच अर्जदाराचा मिस्सेशी संबंध उरला आहे. सत्तेचाळीस रविवार तो चर्चला आला आणि एकदाही चर्चमध्ये बसला नाही. तरी त्याने कुरकूर केली नाही. कारण त्या घरघरीत मिस्सेच्या सुरुवातीला कुठेतरी पत्नीचे नाव वाचले जात असणार, अशी त्याची समजूत होती. बाईंनी "मी बघते" म्हटले होते. नाव वाचण्याची वेळ झाली की तो नळ बंद करून, हात पुसून भिंतीपाशी उभा राहत असे.

१०. दोन आठवड्यांपूर्वी अर्जदार वर्षदिनाची मिस्सा सांगण्यास कार्यालयात आला. या खेपेस त्याने चष्मा घातला होता. हेतूंच्या वहीची वर्षभराची पाने त्याने उलटून पाहिली. पत्नीचे नाव एकदाही नव्हते. कार्यालयातील टायपिस्ट ताईंनी संगणक पाहून खुलासा केला, की एक नाव एक तर "सक्रिय" असते, नाही तर "दिवंगत" असते, दोन्हीकडे घेता येत नाही. "काकू तर सक्रिय दाखवतायत. मृतांच्या यादीत टाकायला गेलं की लाल येतं," असे त्या म्हणाल्या आणि त्यांना खरोखर वाईट वाटले. सक्रियमधून काढण्यासाठी स्वयंसेविकेच्या स्वतःच्या सहीचा राजीनामा लागतो. येथे बदली माणूस चालत नाही. समितीस सही हवीच असेल तर स्वयंसेविका कबरस्थानात, पाण्याच्या टाकीपासून उजवीकडे, तिसऱ्या ओळीत, कार्यालयीन वेळेत केव्हाही भेटू शकेल.

११. बाईंना विचारले असता त्यांनी उलट अर्जदाराचे अभिनंदन केले. येत्या रविवारी, म्हणजे सोळा तारखेलाच, "स्वयंसेवक कृतज्ञता दिन" आहे. त्या दिवशीची मिस्सा धर्मग्रामाच्या सर्व हयात स्वयंसेवकांच्या आरोग्यासाठी व दीर्घायुष्यासाठी आहे. सर्वांची नावे वेदीवरून वाचली जातील आणि पत्नीचे नाव त्यांत आहे. तिला "वर्षातील सर्वात उत्साही स्वयंसेविका" हे प्रमाणपत्रही मिळणार आहे. नंतर स्वयंसेवकांसाठी आभाराचे जेवण आहे. ते स्वयंसेवकांनीच करावयाचे असून पत्नीकडे एकशेवीस माणसांचे सूप आले आहे. भीक नको पण कुत्रं आवर, अशी अर्जदाराची अवस्था झाली. बाईंना तसे म्हटले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, किती जणांना मिळतो हा मान? त्यांना केवढा आनंद झाला असता."

१२. महोदय, अर्जदाराने आपणास पार्किंगमध्ये गाठले तेव्हा आपण "लेखी द्या" असे सांगून पुढे म्हणालात, "पण बाईंना दुखवू नका, पार्किंगला दुसरं कुणी मिळत नाही." त्या वेळी आपली गाडी मागे घेण्यासाठी अर्जदारच हात दाखवीत होता. तथापि हा सल्ला शिरोधार्य मानून प्रस्तुत अर्ज सादर करीत आहे.

१३. विनंती थोडक्यात अशी. सोळा तारखेला पत्नीच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना होऊ नये. ती वेळ निघून गेली, आणि ती करायची होती तेव्हा हॉस्पिटलात अर्जदाराने एकट्याने भरपूर केली आहे. त्या दिवशी तिचे नाव मृतांमध्ये वाचले जावे आणि ते ऐकायला अर्जदार बाकावर बसलेला असावा. बाकावर बसणे हा उपक्रम सध्या फलकावर नाही, असे बाई म्हणतील. तसा तक्ता लावावा. आवश्यक स्वयंसेवक एक, वेळ एक तास, विशेष कौशल्याची गरज नाही. अर्जदार चष्मा घालून स्वतःचे नाव लिहील. सुपाचे बाईंनी बघावे.

१४. आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय अर्ज पुरा होणार नाही. ती बाईंना कळू नये, अशी विनंती आहे. गेले वर्षभर घरी फोन वाजला की पलीकडचा माणूस पत्नीचे नाव घेऊन विचारतो, आहेत का. पहिले दोन महिने अर्जदार खुलासा देत असे. पुढे तो "सांगतो तिला" एवढेच म्हणू लागला, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगूही लागला. रविवारी लोक कप परत देताना म्हणतात, मिसेसना सांगा, चहा छान होता. तिचा चहा प्रत्यक्षात कधीच छान नव्हता. पण तिचे नाव दर आठवड्याला कोणीतरी घेई, आणि ते बाईंमुळेच, हे अर्जदाराला मान्य करावे लागते. या एका कारणासाठी त्याने हा अर्ज अकरा महिने लिहिला नाही.

१५. म्हणून अंतिम विनंती क्रमाबद्दल आहे. टायपिस्ट ताईंना आधी खोडायची आणि मग लिहायची सवय आहे. या बाबतीत कृपया उलट करावे. संगणक लाल दाखवील, तर आपण स्वतः हेतूंच्या वहीत पेनाने लिहावे. आधी तिचे नाव डावीकडच्या यादीत लिहून घ्यावे, ते नीट लिहिले गेले आहे हे अर्जदाराला दाखवावे आणि त्यानंतरच उजवीकडचे खोडावे. मधल्या वेळात ती कुठल्याच यादीत नाही, असे एक मिनिटही होऊ नये.

आपल्या उत्तराची वाट भिंतीच्या अलीकडे, शेवटून तिसऱ्या बाकावर पाहत आहे.

आपला नम्र,
(सही)
कोपऱ्यावरचा चष्मेवाला,
बदली माणूस, चहा व बिस्किटे विभाग

मंगळवार, ११ तारीख

सोबत:
१) चहाच्या कपाटाची किल्ली.
२) नाराजीपत्र, मूळ प्रत.
३) पत्नीच्या नावाचे ओळखपत्र, दोरीसह. काम झाल्यावर हे परत मिळावे.