कुमाय माझं सगळं ऐकतो

३ एप्रिल, सकाळी ७

आजपासून डायरी. रिटायर झालेल्या माणसाने लिहीत राहावं म्हणजे डोकं गंजत नाही.

कुमायचं ट्रेनिंगही आजपासून. वय दोन वर्षं, जात ताझी, अस्सल शिकारी रक्त. मागचा डॉक्टर म्हणाला होता की अर्धा ताझी आहे आणि अर्धा बाजारातला. डॉक्टर बदलणार.

ट्रेनिंग पट्ट्याशिवाय. वाऱ्यामागे धावणाऱ्या जनावराला दोरीला बांधायचं म्हणजे त्याचा अपमान. शब्द तीनच: ये, बस, सोड. मुदत एक मे. चौतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं, अर्ध्या अल्माटीला क्लच कुठे असतो ते मी दाखवलंय. कुत्र्याचं काय घेऊन बसलात.

३ एप्रिल, सकाळी ९

बागेत नऊ हाका मारल्या. दहाव्या हाकेला आला. म्हणजे येतो. पास.

६ एप्रिल

मोठी बातमी. माझी नात इंझू, वय अकरा महिने, काल सोफा धरून उभी राहिली. मुलाचा, सायानचा, फोन आला. म्हणजे महिन्याभरात दोरी कापायचा कार्यक्रम.

बाळाच्या पायांना काळ्या-पांढऱ्या पिळाची दोरी बांधायची, मानाच्या माणसाने ती कात्रीने कापायची, आणि मग बाळ चालायला लागतं. ज्याच्या हातून दोरी कापली त्याच्या चालीवर जातं, आणि स्वभावावरही. म्हणून लोक माणूस निवडताना फार डोकं खाजवतात. आमच्या घरात ती वेळ येणार नाही. चपळ, शिस्तीचा, रस्त्याची जाण असलेला माणूस घरातच आहे.

अजून कोणी विचारलेलं नाही. गृहीत धरलं असणार.

कात्रीला धार लावून आणली.

८ एप्रिल

जेवण पोचवणारा एक माणूस इलेक्ट्रिक स्कूटरवरून बागेत आला. कुमाय त्याच्याबरोबर धावला. 'मागे लागला' असा शब्द त्या माणसाने वापरला, तो चुकीचा आहे. स्कूटर आडवी झाली, डबा उघडला, त्यात मटणाचे सामसे होते. मी लगेच आज्ञा दिली: सोड. कुमायने सोडले. सहापैकी एक सोडला.

माणूस म्हणाला, काका, पट्टा कुठाय? मी म्हटलं, याला गरज नाही, हा माझं सगळं ऐकतो. तो म्हणाला, मग तुम्हीच त्याला सामसे खायला सांगितलंत म्हणा. तरुणांना बोलायचं वळण राहिलेलं नाही.

गुडघ्याला खरचटलं होतं त्याच्या. थोडंसंच.

११ एप्रिल

सुनेचा निरोप आला. अकबोता मला थेट काही बोलत नाही. तिने सायानला सांगितलं, सायानने आईला, आणि माझ्या बायकोने, उल्मेकेनने, माझ्याकडे पाठ करून नूडल्स लाटता लाटता लाटण्याला सांगितलं. निरोप असा: कुत्रं बागेत एकदा जरी मोकळं दिसलं, तर इंझूला आजोबांकडे पाठवणार नाही.

मी म्हटलं, हे कुणी भरवलं तिच्या डोक्यात? उल्मेकेन म्हणाली, भरवायला कशाला हवंय, बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो आहे.

फोटो रौझा-अपांनी टाकलाय. बिल्डिंगच्या कमिटीच्या अध्यक्ष, वय बहात्तर, आयुष्यभर औषधाच्या दुकानात बसल्या. खाली लिहिलंय: पट्टा नाही, मुसकं नाही, मालक हसतोय. सेहेचाळीस लोकांनी अंगठा दिला.

कुमाय फोटोत छान आलाय.

१२ एप्रिल

पट्टा आणला. कातडी, लाल, मजबूत. नियम नीट वाचला तर एवढंच म्हणायचं आहे की पट्टा असावा. आता आहे. कोटाच्या उजव्या खिशात.

१५ एप्रिल

बागेत रौझा-अपा भेटल्या. म्हणाल्या, पट्टा कुठे आहे केन्झेगली? मी खिशातून काढून दाखवला.  मग म्हणाल्या, पावसात छत्रीपण तू अशीच वापरतोस का रे?

पट्टा परत खिशात ठेवला.

१८ एप्रिल

ट्रेनिंगचा आढावा. 'बस' हुकमी जमतं, विशेषतः आधीच बसलेला असेल तेव्हा. 'ये' सुधारतंय: आज सोळा हाकांत आला. आकडा वाढला असं वाटेल, पण आज खार होती. खार वजा केली तर प्रगती आहे.

इंझू एक हात सोडून उभी राहते म्हणे. मी फोनवरच पाहिली. कार्यक्रम दहा मेला, बागेतच, सफरचंदाच्या झाडांखाली. दोरी कोण कापणार ते उल्मेकेनला विचारलं. तिने माझ्या ताटात आणखी बटाटे वाढले.

२१ एप्रिल, सकाळी ६

सुचलं.

कुमाय का ऐकत नाही? (ऐकतो. पण पूर्ण का नाही?) कारण त्याची दोरी कधी कापलीच नाही. पिल्लू असताना आणला आणि तसाच चालायला लागला. पायात न दिसणारी गाठ राहिली, मग चाल सरळ कशी पडणार? इतक्या लोकांनी कुत्री पाळली, कुणाच्या लक्षात आलं नाही.

कुमायची दोरी कापायची. रविवारी, बागेत, चारचौघांदेखत. कापणार मी. माझ्या चालीवर जाईल आणि प्रश्न मिटेल. अकबोतालाही बोलवायचं. कुत्रं कसं सुधारलं ते डोळ्यांनी पाहील, आणि माझा हात कात्रीवर कसा चालतो तेही पाहील.

उल्मेकेनला सांगितलं. ती म्हणाली, बाळांसाठी असतं ते. मी म्हटलं, कुमाय मला मुलासारखाच आहे. ती म्हणाली, म्हणूनच सायान वेगळा राहायला गेला.

बाउर्साक, म्हणजे कणकेचे गोळे, तळून द्यायला मात्र तयार झाली.

२६ एप्रिल, सकाळी १०

सगळी तयारी झाली. दोरी स्वतः वळली. पांढरं कापड, कात्री, दोन पराती बाउर्साक. बाग भरलेली आहे, झाडांना फुलं आहेत. पंचवीसेक माणसं जमली. बाउर्साकांसाठी आली असं उल्मेकेनचं म्हणणं. अकबोता लांब बाकाजवळ उभी आहे, इंझू ढकलगाडीत. कुमायला काळजी म्हणून पट्टा लावलाय. कापायच्या वेळी काढेन.

२६ एप्रिल, दुपारी ३

कार्यक्रमाचा पहिला भाग उत्तम झाला. याची नोंद राहावी.

चारही पाय बांधून घेतले, कुमाय शहाण्यासारखा उभा. पट्टा काढला. दोरी एका फटक्यात कापली. मग रीतीप्रमाणे सगळे ओरडले: धाव, धाव. आणि कुमायने आयुष्यात पहिल्यांदा पहिल्याच हाकेला आज्ञा पाळली.

सरळ धावला. पांढऱ्या कापडावरून, परातीवरून, बाकाकडे. तिथे कुणीतरी इंझूच्या हातात बाउर्साक दिला होता. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी ये म्हणालो, बस म्हणालो, सोड म्हणालो. तिन्ही शब्द स्पष्ट उच्चारले.

रौझा-अपा मध्ये आल्या. एवढ्या वयात कशा पोचल्या कोण जाणे. ढकलगाडीपुढे हात पसरून उभ्या राहिल्या, कुमाय त्यांच्यावर आदळला, आणि त्या मागे रस्त्याकडेच्या पाटात पडल्या. पाटाला डोंगरावरचं बर्फ वितळलेलं पाणी होतं. ढकलगाडी जागची हलली नाही. इंझू रडली नाही. बाउर्साक कुमायने घेतला.

अपांचं उजवं मनगट मोडलं.

त्यांना बाहेर काढताना मागून कुणीतरी म्हणालं, दोरी कापणाऱ्यावर गेलं बरं का कुत्रं, कुणाचं ऐकत नाही. लोक हसले. अकबोता हसली नाही. तिने इंझूला छातीशी धरलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

२७ एप्रिल

कुणाचा फोन नाही. ग्रुपवर नवीन फोटो. अंगठे मोजले नाहीत.

२९ एप्रिल

रौझा-अपांकडे जाऊन आलो. मध आणि जर्दाळू नेले. वाटलं होतं की ओरडतील, मग मी समजावून सांगेन की जमावाने धाव म्हणायला नको होतं. भाषण पाठ केलं होतं.

ओरडल्या नाहीत. डाव्या हाताने चहा ओतला, निम्मा बशीत सांडला. म्हणाल्या, तुझ्याकडेच गाडी शिकले रे मी, पंचेचाळिसाव्या वर्षी. तुझ्या पायाखाली वेगळा ब्रेक होता. मी म्हटलं, असतोच, नियमच आहे. त्या म्हणाल्या, मी म्हणायचे की मला नीट जमतंय, आणि तू म्हणायचास की जमत असेल बाई, पण रस्त्यावर बाकीची माणसं आहेत.

असं मी म्हणायचो खरं. सगळ्यांनाच म्हणायचो.

चहा संपवला. भाषण केलं नाही. जिना उतरताना इंझूचा तो बाउर्साक धरलेला हात आठवला आणि मधल्या पायरीवरच बसलो. घाबरलो होतो मी. तीन दिवसांनी घाबरलो.

३० एप्रिल

पट्टा लावला. कुमाय माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला सांगितलं, तुझ्यावर विश्वास आहे, पण रस्त्यावर बाकीची माणसं आहेत. त्याने मला पाटापर्यंत ओढत नेलं.

१ मे

ट्रेनिंगची मुदत संपली. मुदत वाढवली.

५ मे

निरोप आला. या वेळी एकाच टप्प्यात, अकबोताने स्वतः फोन केला. म्हणाली, अता (आजोबांना आमच्यात अता म्हणतात), दहा तारखेला या. मी विचारलं, कात्री मी आणू की तिथे आहे?  म्हणाली, दोरी रौझा-अपा कापणार आहेत. माझ्या मुलीला त्यांची चाल मिळू दे.

मी म्हटलं, त्यांचा हात प्लास्टरमध्ये आहे. म्हणाली, कुणामुळे ते माहीत आहे मला. डावा हात आहे ना.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. उल्मेकेनने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, कांदा. कांदा तिच्या हातात होता, मी गच्चीवर होतो.

९ मे

कुमायला घरी ठेवायचं ठरवलं होतं. पण एकटा ठेवला की दार खातो. पट्ट्याला धरून लांब उभा राहीन, असं अकबोताला कळवलं. ती म्हणाली, वीस पावलं लांब. मी पंचवीस उभा राहीन.

कात्री रौझा-अपांना नेऊन दिली. धार चांगली आहे.

१० मे, संध्याकाळी ६

पंचवीस पावलं मोजून सफरचंदाच्या शेवटच्या झाडापाशी उभा राहिलो. पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळलेला. रौझा-अपा डाव्या हाताने कात्री धरून वाकल्या. वेळ लागत होता. इंझू आपल्या पायांकडे बघत होती. मला सगळं नीट दिसत होतं.

तेवढ्यात खार.

पट्टा सोडला असता तर पडलो नसतो. सोडला नाही. गवतावरून पोटावर गेलो, मग पाटात. पाणी गार होतं. पाटात पडल्यापडल्या टाळ्या ऐकू आल्या, लोक जोरात ओरडत होते. मला कळलं की इंझू चालली. दिसली नाही, पण ऐकू आलं. डोळे भरून आले. तोंड ओलंच होतं, त्यामुळे कुणाला कळलं नसेल.

सायानने घरी नेऊन कोरडी विजार दिली. परत गेलो तेव्हा परात रिकामी झाली होती आणि इंझू झोपली होती. अकबोताने माझं मनगट बघितलं, लाल वळ उठलेत, आणि मलम लावलं. म्हणाली, रविवारी इंझूला आणते, कुत्रं बांधलेलं असू दे.

आता सायानने व्हिडिओ पाठवलाय. दोरी तुटते, आणि त्याच क्षणी मागून माझा आवाज येतो, आणि कॅमेरा माझ्याकडे वळतो. सगळ्यांच्या मानाही वळतात, इंझूचीही. टाळ्या मी पाटात पडलो त्याला आहेत. इंझू तर हसता हसता खाली बसली. चालली ती नंतर, मी विजार बदलत होतो तेव्हा, आणि तोवर कॅमेरा बंद झाला होता.

उल्मेकेन म्हणते, नऊ पावलं चालली, मध्ये थांबून, रस्ता ओलांडावा तसं दोन्हीकडे बघून.

व्हिडिओत पट्टा मात्र शेवटपर्यंत माझ्या हातात दिसतो. चार वेळा पाहिला.