वेलिकाने वाचलेली सहा पानं

सगळ्यांत आधी टपकली ती वेलिका. साक्षीला बोलावलं होतं दहाला, बाई साडेआठलाच फाटकात, आणि वर म्हणते, "राडके, आहेस की गेलीस ते बघायला आले." गीना वेळेवर आली, भोपळा भरलेली गरम पोळी घेऊन. दोघींच्या देखत लिहिते: मी, राडका स्तोयलोवा, वय एक्याऐंशी, शिक्षण तीन इयत्ता, डोकं ठिकाणावर, गुडघे नाहीत, कोणाच्या धाकाने नव्हे तर अगदी आनंदाने पुढीलप्रमाणे ठरवते. आधीचं मृत्युपत्र रद्द. ते माझ्या आसेनने शब्द सांगून माझ्याकडून लिहवून घेतलं होतं.

घर आणि द्राक्षांचा मांडव मुलाला, म्हणजे आसेनलाच. मांडव पाडून तिथे गाडी लावलीस तर मी काही शांत झोपणार नाही, सांगून ठेवते. घोंगड्या मुलीला, लाल सोडून. लाल माझ्या अंगावर घालावी. शेजारच्या वासिलला काहीही नाही. त्याच्या बकरीने माझे गुलाब फस्त केले तेव्हा तो म्हणाला होता, "चव बघितली हो फक्त!"

आता पुस्तक. (मध्येच उठून फाटक लागलंय ना ते बघून आले. बसवतच नाही आज.)

आम्ही पंधरा वर्षांच्या असताना पडवीत बसून तंबाखूची पानं सुईने माळेत ओवायचो. एकीने वाचायचं आणि तिच्या वाटच्या माळा बाकीच्यांनी ओवायच्या, अशी रीत होती. वाचायची वेलिका. पुस्तक गावच्या वाचनालयातलं, एका नावाड्याच्या मुलीच्या गोष्टीचं. बापाने तिला गिरणीवाल्याला द्यायचं कबूल केलेलं. शेवटी ती स्वतःच वल्हं उचलते आणि नदीने निघून जाते. मी त्या दिवशी सुई बोटात खुपसून घेतली, तरी कळलं नाही. पुढच्याच वसंतात तीनशे मेंढ्यांवाल्या स्थळाला मी तोंडावर नाही म्हटलं. बापाने आठ दिवस बोलणं टाकलं. मग बस चालवणारा माझा मित्को भेटला.

वाचनालय बंद झालं तेव्हा ते पुस्तक मी घरी आणलं. एकेक अक्षर लावत अख्खा हिवाळा वाचलं. तर शेवटची सहा पानं गायब! फाडलेल्या कडा तेवढ्या राहिलेल्या.

आज विचारलं. वेलिका चुलीत लाकूड सारायला उठली.

"माझ्या आजोबांनी तेव्हाच विड्या वळल्या त्याच्या. कागद पातळ होता ना. म्हणाले, शेवट कोण वाचतंय!"

"मग तू काय वाचलंस गं?"

"मनाचंच. शेवट नाही म्हटलं असतं तर तुम्ही मला परत ओवायला बसवलं असतं." मग हळूच, "राडके, तू माझ्या थापेपायी त्या मेंढ्यांवाल्या पोराला नाही म्हणालीस?"

"हो."

"अगं बाई!" गीनाने पोळीचा घास तसाच धरला. "आणि मी त्यालाच हो म्हटलं की! सहा मुलं झाली!"

आम्ही इतक्या हसलो की वासिल कुंपणाशी आला. वेलिका मात्र हसली नाही. ऐक, वेलिका, तू माझं काही बिघडवलं नाहीस. माझा जन्म त्या सहा पानांवर छान गेला.

तरी हे पुस्तक माझी नात एलित्सा हिला. ती चौदाची आहे आणि तिच्या बापाने, आसेनने, तिचं सगळं आधीच ठरवून ठेवलंय. पण अर्धवट पुस्तक तिच्या हाती पडू नये. मी सहा कोरी पानं त्यात शिवायची ठेवली आहेत. शेवट वेलिकाने आपल्या हाताने लिहावा, तेव्हा पडवीत वाचला तसाच. तोवर हे कलम पुरं धरू नये. मला झोप लागत नाही ती याच्यासाठी.

वेलिका म्हणते, "सही केली तर सगळ्या गावाला कळेल मी खोटं वाचलं." मी म्हटलं, "गावात उरलंय कोण?"

साक्षीदार पहिली: गीना त्रोएवा, सही केली, वर पोळीच्या तुपाचा डाग.
साक्षीदार दुसरी: वेलिका पाश्कोवा, जागा सोडली आहे.

राडका स्तोयलोवा, स्वहस्ते.
गोर्ना लूका, बुधवार, ९ ऑक्टोबर २०२४.

ता. क. दोघी गेल्यावर पाहिलं तर सहा कोरी पानं आणि माझी पेन्सिल जागेवर नाहीत. जाताना वेलिका फाटकातून एवढंच म्हणाली होती, सोमवारी, संत पेत्काच्या सणाला, गीनाला घेऊन परत येते.